सरस्वतीपूजेच्या आधीची बोरं

तुम्ही शिकवायला कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी ट्रेनिंग कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथे मी खडू कसा धरावा, वर्गाकडे पाठ कशी करू नये आणि तपासनीस आले की कोणत्या मुलाला उत्तराला उभं करावं, एवढं शिकले. बाकीचं सगळं आईच्या स्वयंपाकघरात शिकले. त्यातला सगळ्यात मोठा धडा मात्र नोकरी लागून दीड वर्ष झाल्यावर मिळाला, तोही स्वतःची चांगली फजिती करून घेतल्यावर. पुढे तीस-बत्तीस वर्षं मी तो धडा कधी विसरले नाही, म्हणून तोच सांगते.

माझे वडील गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. आम्ही भावंडं कलकत्त्यातच जन्मलो. घरात मराठी, जिन्यात हिंदी, रस्त्यावर आणि शाळेत बंगाली, असा आमचा कारभार होता. पुण्याची मावशी माझं मराठी ऐकून हसायची आणि शाळेतल्या मैत्रिणी माझं बंगाली ऐकून हसायच्या, त्यामुळे हसण्याची भीती माझ्यातून लहानपणीच गेली. घरचे रिवाज घरी आणि बाहेरचे बाहेर, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही ते चोख पाळत होतो.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला जेमतेम दहा-बारा शब्द येत होते. शाळेत घातलं तेव्हा आठ दिवसांत मास्तर स्वतः त्याला घरी घेऊन आले आणि याला पुढल्या वर्षी पाठवा म्हणाले. पुढल्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी आईने पाठवलंच नाही.

आई मराठी चौथी पास. पण मास्तरांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. दादाला पाटीवरच्या खुणा कळत नव्हत्या, पण हातातली वस्तू कळत होती. पानं मांडायला सांगितली तर तो कुणाचं पान विसरत नसे, पाहुणा आला असेल तर त्याचंही मांडत असे. तेव्हा आईने क्रमच बदलला. आधी वस्तू हातात द्यायची, मग आकडा तोंडाने म्हणवून घ्यायचा, आणि पाटी सगळ्यात शेवटी. वाल, वाटाणे, वाटीतले शेंगदाणे, सगळं त्याच्या हातून गेलं. त्याचा हात सगळ्यात जास्त बसला तो बोरांवर. बोरन्हाण खरं म्हणजे पाच वर्षांपर्यंतच करतात, पण आईने त्याचं नऊ वर्षांपर्यंत केलं. डोक्यावरून पडलेली बोरं तो वेचायचा, आईच्या ओटीत एकेक टाकायचा, आणि मोजून झाली की खायचा. बिल्डिंगमधल्या मराठी बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आईने कधी लक्ष दिलं नाही. पुढे दादा वडिलांच्याच ऑफिसात कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे बांधायच्या कामाला लागला, आणि पंचवीसचा गठ्ठा त्याने कधी चोवीसचा बांधला नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

मी ट्रेनिंग संपवलं तेव्हा वडिलांनी एस्प्लनेडजवळच्या एका नावाजलेल्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. मुलाखत चांगली चालली होती. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, मागच्या बाकावरच्या मुलांपाशी फार थांबायचं नाही, वर्ग मागे पडतो. मी नमस्कार केला आणि उठले. घरी आल्यावर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला माहीत होतं की दादा असता तर त्या वर्गात मागच्या बाकावरच असता.

मग मला डमडमच्या एका शाळेत नोकरी मिळाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांनी तिकडे वसाहती वसवल्या होत्या. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि वसाहतीतल्या लोकांनीच चालवलेली शाळा. आमच्या खिदिरपूरहून ट्राम, एस्प्लनेडला दुसरी ट्राम, शियालदाहून गाडी, असं रोज दीड तास जायचं आणि तितकंच यायचं. मुलं मला दिदिमणी म्हणत आणि मुख्याध्यापिकेला सगळे बोडदी, म्हणजे मोठी ताई. बोडदी स्वतः ढाक्याला पंधरा वर्षं शिकवून आल्या होत्या. बोलायला कमी, आणि एकदा बोलल्या की त्यावर पुन्हा बोलायची सोय नसे.

पहिल्या सहा महिन्यांत मी मागे पडणाऱ्या मुलांवरून इतकी भांडले की शेवटी बोडदींनी मला सात मुलं देऊन टाकली. कोणत्याच वर्गात न बसणारी सात मुलं. त्या काळी बंगालीत अशा सगळ्यांना एकच शब्द होता, हाबा, म्हणजे मठ्ठ. त्यांच्यातल्या एकाला कमी ऐकू यायचं, एकीचे पाय लुळे होते, एकजण सदा हसत असायचा. मठ्ठ म्हणावं असं मला त्यांच्यात कुणी दिसलं नाही. मागच्या पडवीत चटई टाकून आम्ही वर्ग सुरू केला. वर्षभर करून दाखव, एवढंच बोडदी म्हणाल्या.

या सातांतली एक मुलगी नऊ वर्षांची होती. ती क्वचित बोलायची. फ्रॉकच्या काठाला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. तिला मोजायला सांगितलं की ती म्हणायची, "एक, दोन, अनेक." तिसऱ्यापासून पुढे सगळं तिच्या लेखी अनेकच. चिंचोके आणले, काड्या आणल्या, शिंपले आणले. चार महिने गेले तरी ती अनेकच्या पुढे सरकेना. माझा स्वभाव धीराचा नाही. पण दादाला तीनपर्यंत यायला सात महिने लागले होते हे मी आईकडून ऐकलं होतं, म्हणून गप्प बसत होते.

तिला तिची ठाकुमा, म्हणजे वडिलांची आई, रोज हाताला धरून आणायची आणि शाळा सुटेपर्यंत समोरच्या नळापाशी बसून राहायची. तिने मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. मुलीला सरस्वतीपूजेपर्यंत शाळेत ठेवणार. तोवर काही आलं तर ठीक, नाहीतर आसनसोलला एका नातेवाइकाकडे पाठवणार. तिथे चार लहान मुलं होती, त्यांना सांभाळायचं, भांडी घासायची, दोन वेळचं जेवण मिळायचं. ते लोक वाईट होते असं नाही. पण तिकडे गेलेली पोरगी पुन्हा कोणत्या चटईवर बसणार नव्हती, हे मलाही कळत होतं आणि ठाकुमालाही.

त्या वर्षी संक्रांतीला शेजारच्या मराठी बिऱ्हाडात नातवाचं बोरन्हाण होतं. आईने बोरं, उसाचे करवे, चुरमुरे सगळं जमवलं होतं. बोरं उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी ओट्यावर पडलेली दिसली आणि मला एकदम दादा आठवला. चिंचोके खाता येत नाहीत, शिंपले खाता येत नाहीत, बोरं खाता येतात! इतके दिवस हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. आई मागून म्हणाली, आज किंक्रांत आहे, आज नवीन काही सुरू करू नकोस. मी हसले आणि पिशवी घेऊन निघाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बंगालातली मुलं सरस्वतीपूजा होईपर्यंत बोरं खात नाहीत. खाल्ली तर विद्या येत नाही, परीक्षेत नापास होतं. पूजेच्या दिवशी अंजली देऊन, म्हणजे मंत्र म्हणत फुलं वाहून, देवीला पहिली बोरं वाहायची आणि मग सगळ्यांनी तुटून पडायचं. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. मी बंगाली शाळेत शिकले होते. लहानपणी दरवर्षी संक्रांतीला घरी यथेच्छ बोरं खायचे आणि शाळेत मैत्रिणी बोरांबद्दल बोलायला लागल्या की मूग गिळून बसायचे. घरचं घरी, बाहेरचं बाहेर. पण ही दोन्ही जगं माझ्या आयुष्यात कधी एका पिशवीत आली नव्हती. त्या दिवशी आली आणि मला पत्ताही लागला नाही.

मी पडवीत चटईवर बोरं ओतली. सहा मुलं मागे सरकली. सदा हसणारा हसायचा थांबला. लुळ्या पायांची मुलगी हळूच म्हणाली, दिदिमणी, अजून अंजली झाली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तेव्हा तरी मी बोरं उचलून पिशवीत भरायला हवी होती. पण माझ्या अंगात मस्ती होती. मी म्हटलं, मी दरवर्षी खाते आणि दरवर्षी पास झाले. एक बोर उचलून मी त्यांच्यासमोर खाल्लंसुद्धा.

ती नऊ वर्षांची मुलगी मात्र मागे सरकली नव्हती. ती बोरांकडे बघत होती. मी तिला म्हटलं, प्रत्येकापुढे एक ठेव. तिने ठेवलं. सात मुलांपुढे सात बोरं, शेवटचं स्वतःपुढे. मग तिचं बोट धरून मी एकेका बोरावर नेलं आणि आकडे म्हटले. दुसऱ्यांदा तिने माझ्यामागून म्हटले. तिसऱ्यांदा मी गप्प बसले आणि ती एकटी म्हणत गेली. तीनला थांबली नाही, चारला थांबली नाही. सातव्या बोरावर बोट टेकवून तिने माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मी म्हटलं, खा. तिने सातच्या सात खाल्ली, बिया ओळीने मांडून ठेवल्या, आणि त्याही मोजल्या.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी लॉटरी लागल्यासारखी हसत बसले होते. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, फक्त मुलं मागे सरकली तेवढं गाळून.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आली नाहीत. मधल्या सुट्टीत बोडदींनी मला बोलावलं. वसाहतीत घरोघरी झालं होतं की मराठी दिदिमणीने पूजेआधी पोरांना बोरं चारली. मी तावातावाने बोलायला लागले. ती मुलगी सातपर्यंत मोजायला लागली, हे कुणाला दिसत नाही आणि एक बोर दिसतं? बोडदींनी मला संपवू दिलं. मग म्हणाल्या, "हे लोक घर सोडून आले, जमीन सोडून आले. येताना बरोबर काय आणता आलं? असले नियमच. त्यावर तू पाय दिलास." एवढं बोलून त्या हजेरीपटात बघायला लागल्या. मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी सांगितलं की पूजेपर्यंत मुलं परत आली नाहीत तर पडवीतला वर्ग बंद करावा लागेल.

मी घरी आले ती फणफणतच. मला वाटलं होतं, आई तरी माझी बाजू घेईल. तिचीच पद्धत, तिचीच बोरं. आई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं, गाळलेला भागही या वेळी मी सांगितला. मग तिने विचारलं, "त्या मुलीच्या आजीला आधी विचारलं होतंस?"

मी म्हटलं, तिला काय विचारायचं, शिक्षिका मी आहे.

आई म्हणाली, "दादाचं मी नऊ वर्षांपर्यंत बोरन्हाण केलं ते तुला आठवतं. पण दर वर्षी मी आधी तुझ्या आजीपुढे जाऊन बसत होते, ते तुला ठाऊक नाही. तुझी आजी म्हणायची, रीत मोडू नकोस. मी म्हणायचे, तुम्ही सांगाल तसं करू, पण शेजारी बसून एकदा बघा तरी. पहिल्या वर्षी ती रागाने बसली. दुसऱ्या वर्षापासून बोरं तीच निवडायची. पोर दिवसातले चार तास तुझ्याकडे असतं, बाकीचे वीस तास घरात असतं. घराला चोरून तू त्याला काय शिकवणार आहेस?"

मी फार खजील झाले. जेवताना दादाने मला स्वतःच्या पानातली भाकरी मोडून दिली, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करा.

रविवारी मी ठाकुमाच्या घरी गेले. घर म्हणजे एक खोली आणि पुढे तुळस. मुलगी अंगणात शेणाच्या गोवऱ्यांपाशी बसली होती. मला बघून उठली, पण ठाकुमाने हात केला तशी खाली बसली. ठाकुमाने मला पाट दिला, पाणी दिलं. ती आरडाओरडा करेल, याची माझी तयारी होती. ती अगदी शांतपणे बोलली.

"दिदिमणी, देवी तिला काही देणार होती की नाही, मला ठाऊक नाही. पण पूजेपर्यंत वाट बघायला जागा होती. आता तीही राहिली नाही. मी आसनसोलला कळवलं आहे, पूजेनंतर कुणीतरी न्यायला येईल."

मुलीला सात आकडे येतात, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. या बाईला आकड्यांचं कौतुक नव्हतं. तिला भीती होती की आधीच कमी असलेल्या पोरीवर आपल्या डोळ्यांदेखत देवीचा रोषही आला. ती भीती तिच्या मनात मी घातली होती. मी म्हटलं, "ठाकुमा, चूक माझी आहे. बोरं मी आणली, मी दिली, मी आधी खाल्ली. माफी मागायला आले आहे." आयुष्यात इतकं सरळ मी त्याआधी कुणापुढे वाकले नव्हते.

तिने मला उठा असं म्हटलं नाही. मी बसून राहिले. मग तीच हळूहळू इकडचं तिकडचं सांगू लागली. गावाकडचं घर, तिथली पूजा, घरातल्या प्रत्येक मुलाचं हातेखडी तिथेच कसं झालं. हातेखडी म्हणजे आपलं पाटीपूजन. आपण ते दसऱ्याला करतो आणि ते सरस्वतीपूजेला. भटजी मुलाचा हात धरून पहिलं अक्षर काढवतात आणि त्यानंतर मूल शिकायला मोकळं होतं. मी सहज विचारलं, हिचंही तिथेच झालं का?

हिला पाचवं लागलं त्या माघात आम्ही शियालदाच्या फलाटावर होतो, ठाकुमा म्हणाली. सतरंजी टाकून दोन महिने. तिथे कुठली पूजा. पुढच्या वर्षी हिची आई गेली. मग राहूनच गेलं.

मला एकदम आमच्या घरचं आठवलं. आमच्याकडे पाटीपूजन होईपर्यंत मुलाला पाटी देत नसत, अभ्यासाला बस म्हणत नसत, आणि आलं नाही म्हणून रागवतही नसत. मी ठाकुमाला विचारलं, जिचं हातेखडीच झालं नाही ती देवीची विद्यार्थिनी झाली का? आणि झाली नसेल तर विद्यार्थ्यांचा नियम तिला कसा लागू होईल? माझं आणि त्या बाकी सहाजणांचं वेगळं, पण त्या सहांनी तर खाल्लंच नाही. म्हणजे दोषी सगळ्या वर्गात मी एकटी.

हे मी तिला गुंडाळायला बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं, अजूनही वाटतं. ठाकुमा म्हणाली, भटजींना विचारते. दोन दिवसांनी बोडदींकडून निरोप आला. भटजींनी मान्य केलं होतं. या पूजेला मुलीचं हातेखडी शाळेतच करायचं. आसनसोलचं मात्र ठाकुमाने काही बदललं नव्हतं. न्यायला येणारा माणूस पूजेच्या दुसऱ्या दिवशीच येणार होता.

मधले अठरा दिवस मी मुलीला भेटले नाही. ठाकुमाने पाठवलं नाही, आणि मी मागितलं नाही. आता तिला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पण मला भीती वाटत होती. अशा मुलांचं एक असतं, आलेलं सुटायला वेळ लागत नाही. दादाला एकदा गोवर आला, तर पंधरा दिवसांत आठच्या पुढचे आकडे पुसले गेले होते. मुलगी परत अनेकवर आली असेल, याची मला जवळजवळ खात्री होती.

पूजेच्या दिवशी मी आईला बरोबर नेलं. ती नऊवारीत, सगळ्या बायका पिवळ्या साड्यांत, त्यामुळे मुलं देवीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होती. आईला बंगाली फारसं येत नव्हतं. ती सरळ जाऊन ठाकुमाच्या शेजारी चटईवर बसली, आणि दोघी एकमेकींना काहीही न विचारता एकमेकींना सगळं माहीत असल्यासारख्या बसून राहिल्या. पुस्तकं, पाट्या, दौती देवीच्या पायाशी होत्या. त्या दिवशी कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. फक्त हातेखडीवाल्या मुलांना मुभा. चार-चार, पाच-पाच वर्षांची पाच मुलं आणि त्यांच्या ओळीत शेवटी ही नऊ वर्षांची, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. भटजींनी तिचा हात धरून अक्षर काढवलं. तिने ते काढू दिलं आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिचं लक्ष प्रसादाच्या ताटाकडे होतं. ताटात केळी होती, बत्तासे होते आणि बोरं होती.

अंजली झाली. ठाकुमाने स्वतः उठून ताटातली मूठभर बोरं आणली आणि मुलीच्या ओंजळीत घातली. बहुतेक खायलाच दिली असावीत. मुलगी खाली बसली नाही. ती पडवीकडे गेली. आमच्या वर्गातली सहा मुलं तिथे चटईवर बसली होती. बाकीची परत आली होती, तेवढं मात्र मी मिळवलं होतं. मुलीने पहिल्याच्या पुढे एक बोर ठेवलं.

"एक," ती म्हणाली.

मी उठून मागे गेले. आई आणि ठाकुमाही आल्या. त्या दिवशी लिहायला बंदी होती, वाचायला बंदी होती. मोजायला बंदी आहे असं कुणी म्हटलेलं नव्हतं. दोन. तीन म्हणायच्या आधी ती थांबली, फ्रॉकच्या काठाकडे तिचा हात गेला. मग तीन. मग चार, पाच, सहा. सातवं तिने स्वतःच्या जागेवर ठेवलं. ओंजळीत अजून बोरं उरली होती. तिने त्यातलं एक उचललं, वळली आणि ठाकुमाच्या हातावर ठेवलं. आणि गप्प झाली. पुढचा आकडा तिला येत नव्हता, कारण तो मी शिकवलाच नव्हता. तिचे ओठ हलले. मला माहीत होतं आता काय येणार. आता ती अनेक म्हणणार.

मी सांगायला तोंड उघडलं. आईने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की नंतर तिथे वळ उठला.

ठाकुमा आपल्या हातावरच्या बोराकडे बघत होती. मग तिने खाली वाकून ते बोर मुलीच्या डोळ्यांसमोर धरलं आणि बंगालीतलं आठ म्हणाली, "आट."

"आट," मुलगी म्हणाली.

ठाकुमाने ते बोर तिच्या ओंजळीत परत टाकलं. पुढ्यातली सातही एकेक करून स्वतः उचलली, तिला दिली आणि पहिल्या मुलाकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा मांडली, पुन्हा मोजली, आठपर्यंत. ठाकुमाने तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदा सात-आठच्या मध्ये ठाकुमाला सांगावं लागलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्याची लाज वाटली नाही.

मग ठाकुमाने हातातलं बोर खाल्लं, बी पदराच्या टोकाला बांधलं आणि माझ्याकडे वळली.

"उद्या पाट्या देवीपाशीच असतील," ती म्हणाली, "आणि आसनसोलचा माणूसही येईल, त्याला चहा देऊन परत पाठवायचं आहे. परवा हिला किती वाजता आणू?"

मी म्हटलं, "दहाला. आणि ठाकुमा, नळापाशी बसू नका. आत बसा."